सात मिनिटं उशिरा येणारे परबकाका

आमच्या सोसायटीत आग लागली तर फायर ब्रिगेडला फोन करायचा आणि तलफ लागली तर परबकाकांना. फरक एवढाच की फायर ब्रिगेड लवकर पोचायचा प्रयत्न करते आणि परबकाका उशिरा.

हा उशीर साधा नाही, कमावलेला आहे. समजा, डी विंगमधल्या कुणाला सिगारेटची तलफ आली. त्याने काकांना फोन लावायचा आणि सिगारेट हातात धरून, न पेटवता उभं राहायचं. काका बी विंगमध्ये राहतात. दोन विंगांमधलं अंतर लहान मूल रांगत गेलं तरी दोन मिनिटांत कापेल. काकांना बरोबर सात मिनिटं लागतात. ते आधी चपला बदलतात. मग लिफ्ट सोडून जिना धरतात. खाली वॉचमनला त्याच्या गावच्या पावसाची चौकशी करतात, पंपाच्या खोलीला कान लावून बेअरिंगचा आवाज ऐकतात, नोटीसबोर्डावरची महिनाभर जुनी सूचना चष्मा पुसून पुन्हा वाचतात. वर फोन करणारा तडफडत असतो. मी तडफडलेलो आहे, म्हणून सांगतो.

"तलफ सहा मिनिटांची असता," असं त्यांचं म्हणणं. हे त्यांनी कुठे वाचलेलं नाही, स्वतःवर घड्याळ लावून मोजलंय. "मी सातव्या मिनिटाला पोचतो. तवसर ती आपली आपण निघून जाता. माका काय करूचा लागत नाय."

काका म्हणजे मनोहर परब. मूळ मालवणकडचे, पण आयुष्य विक्रोळीत गेलं, एका मोठ्या कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे पार्ट दाबून काढणाऱ्या मशीनवर. कंपनी सुटून चौदा वर्षं झाली, तरी काका अजून तिथून पूर्ण बाहेर पडलेले नाहीत. दुपारी तीन वाजले की ते मनगटाकडे बघतात. शर्टाच्या खिशाला अजून टेस्टर असतो. आणि आख्ख्या जगाला लागू पडणारा त्यांचा एकच नियम आहे: "रिलीव्हर इल्याशिवाय मशीन सोडूची नाय."

ज्यांनी पाळीत काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस. तो येऊन "चार्ज घेतला" म्हणेपर्यंत आधीच्याने मशीनपासून हलायचं नाही, मग घरी लग्न असो की घर पडलेलं असो. काकांनी सिगारेट सोडण्याचं सगळं शास्त्र या एका नियमावर उभं केलंय. सोडणारा माणूस मशीनवर आहे. त्याला तलफ आली म्हणजे त्याला मशीन सोडून पळावंसं वाटतंय. पळायला हरकत नाही, पण रिलीव्हर आल्यावर. आणि रिलीव्हर आहेत परबकाका, जे सात मिनिटं उशिरा येतात.

आले की दारातच हात पुढे करतात. "चार्ज दी."

आपण सिगारेट आणि लायटर त्यांच्या तळव्यावर ठेवायचा. मग ते खिशातून कागदाची पुडी काढतात. तीत मालवणी खाजे असतात, गूळ आणि आल्याच्या पाकात घोळवलेल्या बोटाएवढ्या काड्या. एक खाजा काढून काका त्याचे दोन तुकडे करतात, एक आपल्याला देतात, एक स्वतः खातात, दोघांनी उभ्यानेच. अख्खा खाजा त्यांनी आजवर कुणाला दिलेला नाही. सोसायटीत यावरून त्यांची चिक्कू म्हणून ख्याती आहे. एकदा मीच म्हणालो, "काका, पुढच्या वेळी खाज्याचा पुडा मी आणतो, पण एक आख्खा द्या." त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी विषय पंपाच्या बेअरिंगवर नेला.

जप्त केलेल्या सिगारेटी ते पाण्यात भिजत घालतात आणि ते पाणी बाल्कनीतल्या जास्वंदीवर फवारतात. त्या जास्वंदीला कीड म्हणून लागत नाही. तिच्या तजेल्यात माझा वाटा मोठा आहे.

काकांचा स्वभाव मुळात भांडखोर. पण सिगारेट ओढणाऱ्याशी ते कधीच भांडत नाहीत, त्याला शिकवायला येणाऱ्यांशी भांडतात. मागे सोसायटीच्या सभेत ठराव आला की जिन्यात ओढताना दिसेल त्याचं नाव नोटीसबोर्डावर लावायचं. त्यात पाचव्या मजल्यावरची, भाड्याने राहणारी एक नोकरदार मुलगी सापडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तेवढ्यासाठीच बऱ्याच जणांना ठराव आवडला होता. काका उठले. म्हणाले, आधी माझं नाव लावा, मी तीस वर्षं ओढली आहे. मग ज्यांचे बाप, भाऊ, नवरे ओढतात त्यांची लावा. बोर्ड पुरला नाही तर भिंत रंगवून घेऊ. मग सेक्रेटरीच्या पुढ्यातला ठरावाचा कागद उचलून त्यांनी चार घड्या घातल्या आणि आपल्या डुगडुगत्या खुर्चीच्या पायाखाली सारला. ठराव तिथेच राहिला. ती मुलगी दुसऱ्या दिवशी आपणहून त्यांच्या दारात गेली म्हणे. हल्ली तिचा फोन महिन्यातून एखाददाच येतो, आणि तो आला नाही तर काकाच अस्वस्थ होतात.

आता माझं. मी बावीस वर्षं ओढली आणि त्यातली जवळजवळ सगळी वर्षं सोडत होतो. लग्न ठरलं तेव्हा सोडली, मुलगी झाली तेव्हा सोडली, दर एक जानेवारीला सोडली. सोडण्याचा माझ्याइतका अनुभव विक्रोळीत कुणाला नसेल. शेवटी माझ्या बायकोने, वर्षाने, माझ्याशी बोलणं थांबवलं. म्हणजे फक्त या विषयावर, बाकी विषयांवर भरपूर चालू होतं. ती थेट काकांकडे जाऊन आली. संध्याकाळी काका दारात. "साळवी, उद्या सातच्या पाळीपासून तू मशीनवर."

मी म्हणालो, "काका, मी विचार करतोय."

"विचार तू सातच्या आत कर."

पहिल्या आठवड्यात मी त्यांना इतके फोन केले की त्यांच्या चपलांचे अंगठे झिजले असतील. आठव्या दिवशी मी हुशारी केली. फोन केला, पण ते यायच्या आत पटकन ओढून घेतली, चूळ भरली, वर बडीशेप खाल्ली. काका आले, दारात उभे राहिले आणि एकदाच नाकाने हवा आत घेतली. मला वाटलं, आता निघणार माझी सालं. ते म्हणाले, "ब्रेकडाऊन झालो? होता तसा. ब्रेकडाऊन झालो म्हणून कंपनी बंद करतत काय? चल, परत स्टार्ट कर." आणि अर्धा खाजा काढून दिला. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या रागावर आणखी एक ओढली असती. अर्ध्या खाज्यावर रागावता येत नाही.

म्हणून मशीन पुन्हा सुरू केलं. आणि एकोणिसाव्या दिवशी, गुरुवारी, माझी खरी परीक्षा झाली.

गुरुवारी मी घरून काम करतो, पण आधीच्या दोन गुरुवारी दुपारभर मीटिंगा होत्या, काकांना फोन करायला फुरसत मिळाली नव्हती. आज दुपारी एकच्या मीटिंगमध्ये माझ्याहून बारा वर्षांनी लहान साहेबाने, सगळ्यांसमोर, माझ्या दोन आठवड्यांच्या कामाला "ओके, पण हे नकोच" म्हटलं. लॅपटॉप आपटून बंद केला. काकांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "माका आज वेळ नाय. बायकोक सांग." आणि फोन बंद.

ज्या माणसाचा धंदाच उशिरा येण्याचा, तो येणारच नाही म्हणतो? बाल्कनीत गेलो तर खाली काका. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात खाज्याची पुडी, आणि चालत होते तुरुतुरु. काका चालत होते म्हणण्यापेक्षा सुटले होते. वॉचमनकडे बघितलं नाही, पंपाला कान लावला नाही.

खाली उतरून मी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, "काका तो हर गुरुवार ऐसेही भागते हैं. शाम को आते हैं, किसीसे बात नहीं करते."

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काका ओढतात! आठवड्यातून एकदा, कुठेतरी लांब जाऊन, चोरून. काय सांगू, एकोणीस दिवसांत मला एवढा आनंद झाला नव्हता. गुरूच ओढत असेल तर शिष्याने काय घोडं मारलंय? मी एक सिगारेट घेतली, एकच, आणि खिशात ठेवली. बेत ठरला. काकांना रंगेहाथ पकडायचं, त्यांच्यासमोर उभं राहून शांतपणे पेटवायची आणि त्या क्षणापासून आयुष्यभर निवांत ओढायची. वर्षाला सांगायचं, तुझ्या काकांना विचार.

समोरच्या स्टॉपवर थांबलेले काका घाटकोपरच्या बसमध्ये चढले. मी रिक्षा केली आणि बसच्या मागे घे म्हटलं. रिक्षावाला खूश झाला. "भाभी का चक्कर है क्या?" मी म्हटलं, म्हातारा माणूस आहे. त्याने आरशातून माझ्याकडे अशी नजर टाकली की मी मीटर वाचायला लागलो.

घाटकोपरला काका उतरले आणि डोंगरउतारावरच्या वस्तीच्या पायऱ्या चढू लागले. बहात्तराव्या वर्षी, झपझप. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी, पंधराव्या पायरीला थांबलो, तिसाव्या पायरीला बसलो. एक आजीबाई पाण्याचा कॅन घेऊन मला ओलांडून गेल्या, वर पोचल्या, मोकळा कॅन घेऊन परत आल्या आणि म्हणाल्या, "बसा बसा, सावकाश." काका कधीच दिसेनासे झाले होते. मी धापा टाकत वर गेलो तेव्हा मला सापडल्या त्या त्यांच्या चपला. एका निळ्या दाराबाहेर, नीट जोडून ठेवलेल्या.

दार अर्धं उघडं होतं. आतून एकसुरी घरघर येत होती. मी डोकावलो.

खाटेवर एक कृश माणूस उशांना टेकून बसला होता. नाकात नळी, बाजूला ऑक्सिजनचं मशीन. साठीच्या एक बाई काकांना सांगत होत्या: दोनची गोळी दिली, अर्धी भाकरी खाल्ली, सकाळी खोकला जास्त होता, आता बरा हाय. काका प्रत्येक वाक्याला मान हलवत होते, मशीनवरचा काटा बघत होते, नळी कुठे दबलीय का ते बोटाने तपासत होते. मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. तीनला दहा कमी.

"चार्ज घेतला," काका म्हणाले. "जावा वहिनी, पडा जरा."

बाई बाहेर आल्या आणि माझ्यावर आदळल्या. मी घामाने निथळत, हातात न पेटवलेली सिगारेट धरून उभा. ती कधी खिशातून हातात आली, मलाच कळलं नव्हतं.

"परबभावजींचे का तुम्ही?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मग या आत. पण ते पेटवू नका हां, आत ऑक्सिजनचं मशीन हाय." एवढं सांगून त्या शेजारच्या खोलीत गेल्या. तिथे त्या चार तास झोपतात, असं मला नंतर कळलं. आठवड्यातली त्यांची सलग झोप तेवढीच.

काकांनी मला बघितलं. त्यांना आश्चर्य वाटल्याचं काही दिसलं नाही. "पायऱ्यांनी मारल्यान ना?" म्हणाले, आणि हात पुढे केला. "चार्ज दी."

मी सिगारेट दिली. खाटेवरच्या माणसाची नजर माझ्या हातातून काकांच्या हातापर्यंत तिच्याबरोबर गेली. त्याची दोन बोटं चादरीवर आपोआप एकमेकांजवळ आली. काकांनी ती सिगारेट सरळ मोडली आणि तांब्यातल्या पाण्यात टाकली. मग पुडी काढली. एक खाजा काढला, दोन तुकडे केले, आणि एक त्या दोन बोटांमध्ये ठेवला.

ते गायकवाड. कराडकडचे, काकांच्याच मशीनवरचे. सव्वीस वर्षं दोघं एकाच प्रेसवर आणि सव्वीस वर्षं वेगवेगळ्या पाळ्यांत. म्हणजे एक सुटायचा तेव्हा दुसरा लागायचा. भेट फक्त पाळी बदलताना, शॉपच्या मागच्या दाराशी, दहा मिनिटं. सुटणारा सिगारेट पेटवायचा, अर्धी ओढायचा आणि उरलेली येणाऱ्याला द्यायचा.

"मी तीनदा सोडली व्हती," गायकवाड मला म्हणाले. त्यांना एकेका वाक्यासाठी थांबावं लागत होतं, पण डोळे हसत होते. "तिन्ही टायमाला... ह्या गड्यानं अर्धी म्होरं धरली."

काका मशीनचा काटा बघत राहिले. काटा हललेला नव्हता.

गायकवाडांनी शेवटची ओढली त्याला आठ महिने झाले होते, नळी लागली तेव्हापासून. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. बावीस वर्षं तोंड सिगारेटीत गुंतलेलं, ते रिकामं असलं की गप्प बसवत नाही. म्हटलं, आता या अवस्थेत तलफ मारून तरी काय... आणि जीभ चावली.

काका वळले. एवढं संतापलेलं मी त्यांना सोसायटीच्या सभेतही बघितलं नव्हतं. "पाळी सुटूक पंधरा मिनिटां रवली म्हणून मशीन वायट चालवूची? कोणी शिकवल्यान तुका? डॉक्टरपण ह्याच म्हणता, ह्याचो मुलगोपण ह्याच म्हणता, आता काय उरला. शेवटचो पीस काढूक गावलो तर तोपण मापातच काढूचो."

"आनि मी पंधरा मिन्टात," गायकवाड म्हणाले, श्वास घेतला, "लय माल काढतो."

दोघंही हसले. हसताना गायकवाडांना खोकला आला, काकांनी पाठीवर हात ठेवला आणि खोकला थांबेपर्यंत काढला नाही. मग सातपर्यंत मी तिथेच बसलो. त्यांनी पत्त्यांचा डाव मांडला, एकमेकांच्या जुन्या फोरमनला शिव्या घातल्या, मधे दोनदा गायकवाडांची बोटं चादरीवर जवळ आली आणि दोनदा पुडी उघडली. तिथे काका एक मिनिटसुद्धा उशीर करत नव्हते.

वहिनी उठून आल्या. काकांनी गोळीची वेळ, पाणी किती, खोकला किती वेळा, सगळं सांगून चार्ज परत दिला. आम्ही पायऱ्या उतरायला लागलो.

निम्म्या पायऱ्यांवर काका आपणहून बोलले. "दहाच मिनिटां गावायची रे. तेना ओढूची बंद केल्यान तर तो थांबतलो कित्याक? सरळ आत जातलो, कार्ड पंच करतलो. हातात काय नसला तर माणूस उभो रवना नाय." ते आणखी चार पायऱ्या उतरले. "म्हणून मी अर्धी पुढे धरलंय. तीनदा. मग रिटायर झालो, भेट बंद झाली. मी सोडलंय, अर्धी देऊक कोण नव्हतो म्हणून. आणि तो घराकडे बसान एकटो पुरी ओढूक लागलो."

इतकी वर्षं कुणीही विचारलं की काका सांगायचे, सिगारेटीचो आणि माझो स्वभाव जुळलो नाय, म्हणून सोडलंय. मीही ते चारचौघांत सांगून टाळ्या घेतल्या होत्या.

पायऱ्या संपतात तिथे एक पानाची टपरी आहे. मला वाटलं, काका पलीकडच्या फुटपाथने जातील. ते टपरीच्या बरोबर समोर जाऊन उभे राहिले. पाय रोवून, छाती काढून, भांडायला आल्यासारखे. समोर दोन पोरं धूर काढत होती. काकांची दोन बोटं एकमेकांजवळ आली.

"पाठ दाखवूची नाय तिका," ते म्हणाले. "चौदा वर्षां झाली. बाकी दिवस काय नाय. पण गुरुवारी, हयसर उतरलंय काय..."

"मग तुमचा रिलीव्हर कोण, काका?"

काका टपरीकडे बघत उभे राहिले. मनगट वर केलं. घड्याळ लावलं असावं, कारण ओठ हलत होते.

मी हात पुढे केला. "चार्ज द्या."

काकांनी माझ्या तळव्याकडे बघितलं. शॉपमध्ये मापात न बसणारा पार्ट कुणी आणून दिला की बघत असतील, तसं. मग खिशात हात घातला आणि पुडी माझ्या हातावर ठेवली. आत एकच खाजा उरला होता. मी तो मोडला. माझ्या हातून दोन तुकडे काही सारखे झाले नाहीत, एक चांगलाच मोठा झाला. वयाचा मान म्हणून मोठा मी त्यांच्यापुढे धरला.

"माप चुकलां तुझां," काका म्हणाले. मोठा तुकडा त्यांनी माझ्याच बोटांत परत सारला आणि बारका स्वतः घेतला. "जाणाऱ्याक बारको, येणाऱ्याक मोठो. आमचो तसोच रिवाज होतो. तुझी आख्खी पाळी बाकी आसा."

सात मिनिटं आम्ही त्या टपरीकडे तोंड करून उभे होतो, चावत.